दहा जोड्यांची कामटी

तामोरेमॅडमना बसलेलं मी उभ्या आयुष्यात दोनदाच पाहिलं. त्यातली एक वेळ स्कूटरवरची, आणि ती धरायची की नाही यावर आमच्या जुन्या स्टाफरूममध्ये आजही दोन तट आहेत. दुसरी दांडी गावच्या किनाऱ्यावरची, वाळूतली. तिच्यावर तट नाहीत, कारण ती पाहायला मी एकटाच होतो आणि ती गोष्ट मी कुणाला धड सांगितलेली नाही. आज सांगतो. माझ्या सांगण्यात रुपयाला चार आणे मीठमसाला असतो असं आमची बायको म्हणते. तेवढा ज्यानं त्यानं आपापल्या हिशेबानं झटकून घ्यावा.

हेमलता तामोरे. आमच्या बोईसरच्या कॉलेजात गणित शिकवायच्या, तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास तितकं मानधन आणि दर जूनला नवा अर्ज, जणू मागच्या वर्षी त्या कॉलेजला दिसल्याच नव्हत्या. वय त्रेचाळीस. घर दांडीचं, मच्छीमारांचं. मी रसायनशास्त्राचा, तारापूरकडचा वाडीवाला. त्यामुळे आमच्यात भांडायला विषय जन्मापासून तयार होता.

"सावेसर, तुमी वाडीवाले झाडाखाली आडवे पडून नारळ पडायची वाट बघता," त्या म्हणायच्या. "आमाला माशाच्या मागं जायला लागतं."

आणि त्या खरोखरच सदैव कशाच्या तरी मागे निघालेल्या असायच्या. शिकवताना फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अशा येरझारा, की पोरांच्या माना डावी-उजवी, डावी-उजवी. गणितात नापास झालेल्या पोराचीसुद्धा मान वर्षअखेरीला पैलवानासारखी दिसायची. त्या वर्गाच्या फरशीवर फळ्याखाली एक लांब खोलगट पट्टा पडलाय. प्राचार्य म्हणतात ती ठेकेदाराची चूक. मी त्या फरशीचा साक्षीदार आहे, मला विचारा.

जिथे बोट टेकेल तिथे त्या आकडेमोड करत. टेबलावर, खिडकीच्या काचेवर, माझ्या स्कूटरच्या धुळकट सीटवर. एकदा मी सीट न पाहता बसलो आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवशी बाई दारातच उभ्या.

"सर, काल तुमी माझ्या समीकरणावर बसलात."

"कुठल्या?"

"तेच आता आठवत नाय ना!"

आठवडाभर अबोला. मी ती पँट धुवायला टाकली नव्हती असं सांगून पाहिलं, तरी उपयोग झाला नाही.

वाट पाहणं हा त्यांच्या लेखी आजार होता. बोईसर स्टेशनाबाहेरची शेअर रिक्षा चौथं माणूस मिळाल्याशिवाय हलत नाही. दोघं रिक्षात घामेजून बसलेले, आणि मॅडम रिक्षात नव्हे, रिक्षाभोवती. पाचव्या फेरीनंतर त्यांनी पर्समधून खडू काढला आणि हुडच्या काळ्या रेक्झीनवर ड्रायव्हरला सिद्ध करून दाखवायला घेतलं, की चौथ्यासाठी अमुक मिनिटांपेक्षा जास्त थांबणं म्हणजे दिवसाला एक अख्खी फेरी बुडवणं. सिद्धता लांबली. दोघंही एकेक करून उतरून दुसऱ्या रिक्षात गेले. ड्रायव्हर शेवटपर्यंत हात बांधून ऐकत होता.

"मॅडम, हिसाब तो आपका एकदम सही है," तो म्हणाला. "बस, सवारी चली गई."

"मग सिद्ध झालं," म्हणून मॅडम खडू झटकून पायीच निघून गेल्या.

अशा या बाईनं पीएचडीला विषय कुठला घ्यावा? ज्यात नुसतं थांबावं लागतं तो! बोंबील कसा वाळतो.

हसू नका. मीही हसलो होतो आणि मग तासभर ऐकून घ्यावं लागलं. ताजा बोंबील म्हणजे पाण्याची पिशवी. ते पाणी आतून बाहेर सरकतं, कातडीपर्यंत येतं, मग वारा ते उचलून नेतो. आत सरकायचा वेग एक, बाहेर उडायचा वेग दुसरा, आणि मासा रोज बारीक होत जातो म्हणजे वाटही रोज आखूड. हे सगळं एका समीकरणात मांडता आलं, तर ढगाळ हवेत माल किती दिवसांत तयार होईल, कधी उचलला नाही तर कुजेल, हे आधी सांगता येईल. दांडीच्या कितीतरी बायांची मेहनत दरवर्षी अचानक आलेल्या मळभानं मातीत जाते. मॅडमच्या आईचा एक अख्खा हंगाम तसा गेला होता. याला उपयोजित गणित म्हणतात. नाव कोरडं आहे, पण त्याला वास फार.

त्यांचे गाईड मुंबईचे. सज्जन, मृदू, बोंबील फक्त ताटात पाहिलेले. ते म्हणाले, "सुरुवातीला आपण मासा एक दंडगोल मानू."

मॅडमनी ती मांडणी पहिल्यांदा वाचून दाखवली ती मावशीला. मावशी म्हणजे पारूमावशी, आईची धाकटी बहीण. आई गेल्यावर हिनंच यांना वाढवलं. वय सत्तरीचं, आवाज असा की दांडीत हाक मारली तर पलीकडच्या नवापूरच्या होड्या वळून बघाव्यात. मीही होतो त्या दिवशी, सुक्या बोंबलाच्या लालसेनं गेलेलो.

"समज मावशी, बोंबील एकदम गोल हाय. डोक्यापासून शेपटीपर्यंत सारखा जाड."

"असा बोंबील कोणी दिला तुला?"

"दिला नाय गं, मानायचा."

"मानू नको. परत कर त्याला."

"बरं. आता समज, वारा सगळीकडून सारखा येतोय."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. "सर, हिचे ते मोठे सर कधी दर्यावर आलेत काय?"

दंडगोल त्याच आठवड्यात समीकरणातून गेला. गाईडना मॅडमनी कारण काय दिलं ठाऊक नाही, पण प्रबंधाच्या कच्च्या प्रतीत 'स्थानिक तज्ज्ञांशी चर्चा करून' असं एक वाक्य आलं. दांडीतल्या त्या तज्ज्ञ तेव्हा लसूण सोलत होत्या.

समीकरण कागदावर उभं राहिलं. आता खऱ्या माशानं त्याला हो म्हणायला हवं होतं. दांडीला बोंबील वाळवतात तो बांबूंच्या उंच मांडवावर, वलांडीवर. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची. मॅडमनी आपल्यासाठी बांबू चिरून निराळ्या कामट्या करून घेतल्या. प्रत्येक कामटीवर दहा जोड्या आणि टोकाला खूण म्हणून लाल दोरा. माझ्या प्रयोगशाळेतला टांगायचा वजनकाटा मी त्यांना परस्पर दिला, रजिस्टरमध्ये 'दुरुस्तीसाठी' असं लिहून. काटा तीन हंगाम दुरुस्तीलाच होता.

खरं तर एकेक जोडी वेगळी तोलायला हवी. पण एका जोडीचा जबडा सोडवा, तोला, पुन्हा अडकवा, अशा दहा, अशा बारा कामट्या. तोवर सकाळची बस गेली. बाईंना एवढा धीर कुठला? त्यांनी अख्खी कामटीच काट्याला लावायला सुरुवात केली. दहा जोड्या एका फटक्यात, भागिले दहा, निघाली सरासरी. पहाटे एकदा आणि कॉलेज सुटल्यावर तीन वाजता एकदा. मधल्या वेळात कामट्या मावशीच्या ताब्यात.

"मावशी, एक लक्षात ठेव. कामटीवर दहा जोड्या पायजेत. दहाच. एक कमी नाय, एक जास्ती नाय."

"दहा," मावशी म्हणाली.

पहिल्याच हंगामात चमत्कार झाला. वजन पहिल्या दिवशी भराभर उतरलं. ते उतरणारच. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र उतरता उतरता थबकलं आणि चक्क किंचित वर चढलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा खाली. आलेखावर छानसा उंचवटा. मॅडम त्या दिवशी स्टाफरूममध्ये आल्या नाहीत, शिरल्या. "सर, बोंबील पाणी परत पितो!"

दुसऱ्या हंगामात तोच उंचवटा, त्याच दिवशी, त्याच वेळी. तिसऱ्यातही तोच. मग मॅडमनी कारण शोधलं. दुपारी समुद्रावरून दमट वारा सुटतो, माशाच्या अंगावर मिठाचा थर असतो, मीठ ओलावा ओढतं. पटण्यासारखं होतं. मी रसायनशास्त्राचा माणूस असून मला पटलं, उलट मी वर दोन उदाहरणं दिली. समीकरणात एक नवं पद आलं. गाईड हरखले. म्हणाले, अशी नोंद आजवर माझ्या वाचनात नाही, तुमचं चौथं प्रकरण म्हणजे प्रबंधाचा प्राण. त्याच सुमारास कॉलेजात गणिताची एक कायमची जागा निघण्याची कुणकुण लागली. पीएचडी हातात असेल तर ती जागा मॅडमचीच, हे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे धरून चालले होते. नोंदणीची शेवटची मुदतवाढ घेऊन झाली होती. तीन आठवड्यांनी समितीपुढे सादरीकरण, मग प्रबंध द्यायचा, मग जूनचा अर्ज कायमचा सुटला.

आणि एका दिवशी कॉलेजला अचानक सुट्टी मिळाली. कोणीतरी गेलं होतं. कोण ते विसरलो, देव त्याला शांती देवो. मला प्रात्यक्षिक परीक्षेसाठी काटा परत हवा होता. मॅडम माझ्या स्कूटरवर मागे बसल्या (हीच ती वादग्रस्त वेळ) आणि आम्ही भर दुपारी साडेबाराला दांडीला पोहोचलो. या वेळी त्या तिथे कधीच नसायच्या.

वलांड्या सुनसान. बाया जेवायला घरी गेलेल्या. मांडवावर कावळ्यांची सभा. आणि मावशी एकटी, तोंडानं कावळ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत, त्या दिवशी सकाळीच टांगलेल्या शेजारच्या दोरीवरून दोन ओल्या जोड्या काढून लाल दोऱ्याच्या कामटीवर अडकवत होती.

"मावशी, काय करतेस?"

"आलीस? बघ ना, या मेल्यांनी तुझ्या दोन नेल्या. पैल्या दिवशी आमी सगळ्या राखण करतो, त्यांची हिंमत नाय होत. दुसऱ्या दिवशी जेवाया गेलं का साधतात. तिसऱ्या दिवशी माल कडक झाला का सोडतात." तिनं कामटीवरून बोट फिरवत मोजलं. "दहा. झाल्या पुऱ्या."

"हे... रोज करतेस?"

"तूच बोललीस ना, दहा पायजेत म्हणून!" मावशीच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता तो मी कुठल्याही पदवीदान समारंभात पाहिलेला नाही. "तीन वर्षं झाली, एकदा पण कमी होऊ दिली नाय. आणि चांगल्या जाड्या बघून लावते. पोरीचं शिक्षण हाय."

तेव्हा मॅडम बसल्या. वाळूत, उन्हात, चपलांसकट. मी घड्याळ पाहिलं नाही, पण माझ्या अंदाजानं पाच मिनिटं त्या हलल्या नाहीत. मला त्या बाईची भीती वाटली.

दुसऱ्या दिवसाची दुपार. दमट वारा नाही, मीठ नाही. शिळ्या जोड्या कावळ्यानं न्यायच्या आणि ताज्या, पाणीदार जोड्या मावशीनं लावायच्या. एकेक जोडी तोललेली असती तर पहिल्याच हंगामात दिसलं असतं. दहांच्या सरासरीत ते बेमालूम मुरलं.

परत येताना त्या स्कूटरवर बसल्या नाहीत. मी पहिल्या गिअरमध्ये, त्या बाजूनं चालत. मी माझी अक्कल पाजळली.

"मॅडम, हे जगात तिघांनाच ठाऊक आहे. एक मावशी, तिला आलेख कळत नाही. एक मी, माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. काळजी कसली?"

"तिसरी मी हाय ना," त्या म्हणाल्या.

पुढचे तीन आठवडे कॉलेजनं भूकंप अनुभवला. बाई व्हरांड्यातून चालत, जिन्यावरून चालत, मैदानात चालत. बोलता बोलता वाक्य अर्धं टाकून निघून जात. एकदा माझ्या प्रयोगशाळेत आल्या, बेसिनचा नळ उघडला, बंद केला आणि गेल्या. मी विचारलं, नवं पद काढून टाकलं तर काय उरतं? "जे सगळ्यांना आधीच ठाऊक हाय ते," म्हणाल्या. एक दिवस म्हणाल्या, गप्प बसून देऊन टाकते. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा देऊन टाकते. "सर, ती जागा कायमची हाय हो. कायमची!" मग खिडकीकडे वळून, "आणि उद्या एखादी बाई माझं समीकरण धरून दुसऱ्या दिवशी माल उचलायला थांबली, आणि मळभ आलं, तर?" मला वाटत होतं त्या देऊन टाकतील. मी असतो तर दिलं असतं, वर पेढे वाटले असते.

सादरीकरणाला बॅगा उचलायला म्हणून मी गेलो होतो. समोर गाईड आणि समितीचे तिघे. मॅडमनी तो उंचवट्याचा आलेख पडद्यावर आणला. समितीच्या माना डोलल्या. एक वयस्कर बाई म्हणाल्या, "सुरेख निरीक्षण आहे."

मॅडमनी पुढचं चित्र लावलं. वलांडीपुढे कमरेवर हात ठेवून उभी मावशी.

"या उंचवट्याचं कारण ह्या आहेत," त्या म्हणाल्या, आणि सगळं सांगितलं. कावळे, दहा जोड्या, सरासरी, स्वतःची घाई. एक शब्द मऊ केला नाही.

आधी एकजण हसला. मग कोणी हसेना. वयस्कर बाईंनी चष्मा काढला. "हे तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला कळलं नसतं."

"हो," मॅडम म्हणाल्या. "म्हणूनच तर झोप नाय लागली."

निकाल सरळ होता. चौथं प्रकरण बाद. उरलेल्यात प्रबंध होत नाही. नव्या हंगामाच्या नोंदी घ्या. पण मुदत संपलेली, म्हणजे नोंदणी रद्द, पुन्हा पहिल्यापासून अर्ज. बाहेर आल्यावर गाईड जिन्यापर्यंत सोबत आले. मग म्हणाले, "माझ्याकडे पीएचडीची एक जागा आहे. अर्ज करा. आणि ते दहा-दहा तोलणं बंद."

कायमची जागा त्या जूनमध्ये दुसऱ्याला गेली. मुलगा चांगला आहे. खुर्चीत छान बसतो. मॅडमनी पुन्हा तासिकांचा अर्ज भरला आणि पुन्हा पीएचडीची प्रवेश परीक्षा दिली. मग अभ्यासक्रमाच्या वर्गात गेल्या, तर शेजारच्या बाकावर त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. ती घाबरून उभी राहिली. मॅडम म्हणाल्या, "बस गं. आणि मागच्या तासाची वही दे."

मावशीला त्यांनी काही सांगितलं नव्हतं, पण दांडीत गोष्ट झाकून राहत नाही. मी बोंबील आणायला गेलो तेव्हा म्हातारीनं मला बाजूला घेतलं. तो आवाज इतका खाली येऊ शकतो हे मला ठाऊक नव्हतं.

"सर, खरं सांगा. माझ्यामुळं नापास झाली?"

मी आयुष्यभर सराईतपणे थापा मारत आलो, आणि नेमकी तेव्हा एक सुचेना. मागून मॅडमनीच ऐकलं होतं. "तुझ्यामुळं नाय, मावशी. मला एकेक तोलायचा कंटाळा आला म्हणून. आता या कामट्यांना कोणी हात लावायचा नाय. तू पण नाय. काय होईल ते होऊ दे, मला नुसतं सांग."

"नाय लावणार," मावशी म्हणाली.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते गेल्या हिवाळ्यात. त्यानंतर माझी बदली पालघरला झाली. सुट्टीचा दिवस होता, उन्हं वर आलेली. मॅडम वलांडीच्या दूरच्या टोकाला एकेक जोडी सोडवून काट्याला लावत होत्या, लिहीत होत्या, पाय जागच्या जागी नाचत होते. अलीकडच्या टोकाला मावशी, हातात कावळे हाकायचा लांब बांबू.

एक कावळा उतरला तो थेट लाल दोऱ्यावर. मावशीचा बांबू निम्म्यापर्यंत वर गेला आणि तिथेच थरथरत थांबला. त्या बांबूनं आजवर दांडीचे किती कावळे देशोधडीला लावले असतील! मी "हाड्" करायला तोंड उघडलं तर म्हातारी माझ्यावरच खेकसली.

"गप्प ऱ्हावा, सर! हात लावायचा नाय बोललीय ती!"

कावळ्यानं दोन हिसडे दिले आणि जोडी घेऊन उडाला.

"खा मेल्या, खा," मावशी दात आवळून म्हणाली. मग तिचा तो खरा आवाज लागला. "हेमे! सातवी नेली गं! लिव!"

पलीकडून मॅडम धावत आल्या. "मावशी, कावळ्याला हाकलायला नाय बोलले नव्हते मी! आणि सातवी तोलायची होती अजून! किती भरली असती ती?"

"सहावीएवढीच भरली असती. लिव ना कायतरी!"

"कायतरी नाय लिवायचं, मावशी!"

असं म्हणून बाईंनी साडीचा पदर खोचला, वही मावशीच्या हातात कोंबली, पुन्हा 'दुरुस्तीला' आलेला माझ्या प्रयोगशाळेचा काटा उचलला आणि कावळ्याच्या मागे धावत सुटल्या. ओहोटी लागलेली, वाळू लांबवर मोकळी. होड्यांच्या मधून, जाळी विणणाऱ्यांना ओलांडून, काटा छातीशी धरून. पुढे कावळा, मागे त्या. दोघेही लहान लहान होत गेले. मावशी कपाळावर हात धरून बघत होती, मीही. खडकांपाशी कावळा एकदा खाली टेकला, मागे वळून पाहिलं आणि पुन्हा उडाला. मी शपथेवर सांगतो, दमला होता.